म्हणवून घेणारं कोण? काशीतली घरची शाळा आणि टीव्हीचा पडदा

आजचा भाग मी घरूनच करते आहे. मागे जो धडधड आवाज येतो आहे तो बांधकामाचा नाही. गच्चीवर माकडांची टोळी आली आहे आणि त्यांनी पुन्हा एकदा केबल ओढली आहे. काशीत इंटरनेटचे दोन शत्रू, एक गंगेचा पूर आणि दुसरी माकडं. पूर वर्षातून एकदा येतो. (ई-पुस्तकासाठी हे बोलणं लिहून काढताना माकडांचं वाक्य गाळावं असं एकदा मनात आलं होतं. पण आजच्या विषयाशी त्यांचा संबंध आहे, म्हणून राहू दिलं.)

ज्यांनी मागचे भाग पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मणिकर्णिकेकडून नदीच्या काठाने उत्तरेकडे चालत आलात की शिंदे घाट लागतो, मग संकठा घाट, गंगामहाल आणि मग भोसले घाट. वरच्या बाजूला बारीक नक्षीच्या खिडक्या असलेली, किल्ल्यासारखी उंच दगडी भिंत दिसली की समजायचं, आलो. अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांनी हा घाट बांधला. लक्ष्मीनारायणाचं देऊळही त्यांचंच. माझं माहेर नागपूरच्या महाल भागातलं, भोसल्यांच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावरचं. लग्न करून इथे आले तेव्हा वडील म्हणाले होते, "भोसल्यांच्या दारातून निघून भोसल्यांच्याच दारात चाललीस." आमचं घर घाटाच्या मागच्या गल्लीत आहे. तिथून रामघाट, दुर्गाघाट, ब्रह्माघाट, सगळी मराठी वस्ती पायी फिरून होते.

मी आणि माझ्या नवऱ्याने २०१७ साली थोरलीला शाळेतून काढलं आणि घरी शिकवायला घेतलं. धाकट्याला तर शाळेत घातलंच नाही. हे कळलं की लोक पहिला प्रश्न एकच विचारतात, "मग शिकवतं कोण? यूट्यूब?" पूर्वी मला याचा राग यायचा. आता येत नाही, कारण काही काळ त्याचं खरं उत्तर "होय" असंच होतं. त्या होयचं काय झालं, ते सांगण्यासाठी आजचा भाग आहे. अर्थात माझ्या सवयीप्रमाणे वाटेत तीनशे वर्षं मागे जाऊन यावं लागेल.

आधी प्रसंग सांगते. २०२१ चा हिवाळा. थोरली अकरा वर्षांची होती. टाळेबंदीत वर्ष-दीड वर्ष घरात काढल्यावर तिलाच वाटायला लागलं की बरोबरीच्या मुली हव्यात. आम्ही इथल्या एका शाळेत चौकशी केली. त्यांनी चाचणी घेतली. चाचणी साधी होती. त्यात एक भागाकार होता, ७४५२ भागिले २३. बाईंनी मला समोरच बसू दिलं होतं, त्यामुळे सगळं दिसत होतं. तिने ७४ मध्ये २३ किती वेळा जातात म्हणून आधी ४ लिहिले. खोडले. मग २ लिहिले. वजाबाकी केली, २८ उरले. आणि पेन्सिल थांबली. उरलेले २८ हे २३ पेक्षा मोठे आहेत, म्हणजे काहीतरी चुकलं आहे, एवढं तिला जाणवलं असावं. पण पुढे काय करायचं ते सुचेना. पाच मिनिटं ती त्या कागदाकडे बघत बसली.

घरी येताना चौकात रिक्षा थांबली तेव्हा ती म्हणाली, "पण आई, मी बघितला होता भागाकार. तीनदा बघितला होता."

खोटं नव्हतं ते. तिने तीन निरनिराळ्या लोकांचे, तीन निरनिराळ्या भाषांतले भागाकाराचे व्हिडिओ पाहिले होते. पायऱ्या तिला तोंडपाठ होत्या. त्या व्हिडिओंमध्ये काही उणं नव्हतं, मी स्वतः निवडलेले होते. आणि ते चालू असताना मी बहुतेक वेळा स्वयंपाकघरात किंवा सासूबाईंच्या उशाशी असायची. त्या वर्षी त्या अंथरुणाला खिळल्या होत्या.

रात्री हे मी सासऱ्यांना, आम्ही त्यांना नाना म्हणतो, सांगितलं. मला वाटलं ते शाळेला तरी नावं ठेवतील किंवा मोबाइलला. त्यांनी फक्त विचारलं, "म्हणवून घेत होतं कोण?"

नानांचं लहानपण रामघाटच्या एका गुरुजींच्या घरी वेद शिकण्यात गेलं. रामघाटावर सांगवेद विद्यालय आजही आहे, पण नाना विद्यालयात नाही, गुरुजींच्या घरी शिकले. तिथे पद्धत अशी की गुरुजी एक चरण एकदा म्हणणार आणि विद्यार्थ्याने तो दोनदा म्हणायचा. याला संथा म्हणतात. आपण बोलताना "त्याने चांगली संथा घेतली" असं सहज म्हणून जातो, पण मूळ शब्द इथला, या ओसरीवरचा आहे. संहिता झाली की पदं, मग क्रम, मग जटा, मग घन. तेच शब्द पुढे-मागे, उलटसुलट जोडून म्हणायचे, म्हणजे एक अक्षर हललं तरी लक्षात यावं. पुस्तक नाही, पाटी नाही. ऐकणं आणि परत देणं. गुरुजी डोळे मिटून बसलेले असत, पण स्वर खाली गेला की डोळे उघडत. नाना म्हणतात, त्या उघडलेल्या डोळ्यांना आम्ही छडीपेक्षा जास्त भीत असू.

आपल्याकडे "काशीत विद्या शिकला" असं म्हटलं की डोळ्यांपुढे एखादं मोठं विद्यापीठ येतं. बनारस हिंदू विद्यापीठ १९१६ सालचं. त्याच्या आधीची कित्येक शतकं काशीची विद्या म्हणजे काशीतली घरं. शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकासाठी रायगडावर आलेले गागाभट्ट हे पैठणहून काशीत स्थिरावलेल्या भट्ट घराण्यातले. त्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या बाप मुलाला, काका पुतण्याला शिकवत आला. सतराव्या शतकात कोपरगावचे नीलकंठ चतुर्धर इथे आले, महाभारताच्या पोथ्या गोळा केल्या, ताडून पाहिल्या आणि सबंध महाभारतावर टीका लिहिली. शिकणारी मुलं गुरूच्या घरी राहायची, जेवणासाठी वार लावायची नाहीतर माधुकरी मागायची. आजच्या भाषेत ही घरची शाळाच.

पण इथे माझा आवाज जरा कडू होतो. ही घरं सगळ्यांसाठी उघडी नव्हती. ब्राह्मणाचा मुलगा असेल तर उंबरा ओलांडायचा, नाहीतर ओलांडायचा नाही. माझी मुलगी नानांच्या गुरुजींच्या ओसरीवर बसू शकली नसती. घरच्या शिक्षणाचं कौतुक करणारे आपण लोक हे फार लवकर विसरतो. घर हे चांगलं शिकवतं, पण घर दारही लावून घेतं.

मुलींना घरी शिकवणारी माणसं आपल्याकडे झाली, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. अनंतशास्त्री डोंगरे पुण्यात शिकत होते तेव्हा त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवायला जात. बाई संस्कृत म्हणते आहे, हे त्यांनी तिथे ऐकलं आणि मनात घेतलं की मी माझ्या बायकोला शिकवीन. त्या पेशवीणबाईंचं नाव वाराणसीबाई. आमच्या गावाचा तेवढाच संबंध, पण मला तो सांगायला आवडतो. लोकांचा रोष पत्करून शास्त्री कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले, तिथे बायकोला शिकवलं, आणि त्या लक्ष्मीबाईंनी पुढे मुलीला शिकवलं. ती मुलगी म्हणजे १८५८ साली जन्मलेल्या पंडिता रमाबाई. शाळेचं तोंड न पाहता, आईच्या तोंडून ऐकून आणि आईला परत म्हणून दाखवून त्या शिकल्या.

काशीतलंच एक अलीकडचं घर घ्या. मे २०२५ मध्ये जयंत नारळीकर गेले तेव्हा सगळीकडे केंब्रिजच्या आणि कृष्णविवरांच्या गोष्टी निघाल्या. मला आठवत होता तो त्यांच्या बनारसच्या घरातला फळा. वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्रमुख, आई सुमती संस्कृतच्या जाणकार. जयंतराव शाळेत जात होते, तेव्हा याला घरची शाळा म्हणता यायचं नाही. पण 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रात ते घरातल्या फळ्यांबद्दल सांगतात. वडिलांनी मुलांसाठी घरात फळे करून घेतले होते. एमएस्सीसाठी घरी राहायला आलेले मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, त्यातल्या एका फळ्यावर भाच्याला आव्हान म्हणून गणित लिहून ठेवायचे. गणित सुटेपर्यंत किंवा भाचा हार मानेपर्यंत ते फळ्यावर तसंच राहायचं.

त्या फळ्याबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. त्यावर उत्तर लिहिलेलं नसे. येता-जाता ते गणित मुलाकडे बघत असे, आणि मामा घरात असे. फळा आणि मामा, दोन्ही. यूट्यूबवर गणित लागतं तेव्हा दुसऱ्या मिनिटाला उत्तरही लागलेलं असतं, आणि मामा नसतो.

आता पडद्याकडे येते. आपल्याकडे शिक्षणाचा टीव्ही हा करमणुकीच्या टीव्हीच्या आधीचा आहे, हे आज सांगितलं तर कुणाला पटत नाही. १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं आणि दोनच वर्षांत, १९६१ साली, फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने दिल्लीच्या शाळांसाठी पाठ सुरू झाले. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र वगैरे. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेतल्या मुलाला प्रयोग दिसावा हा हेतू. तेव्हा मुंबईत टीव्ही यायला अजून अकरा वर्षं होती. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ चं.

मग आला 'साइट' प्रयोग. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, बरोबर एक वर्ष. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह उसना घेऊन 'इस्रो'ने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट कार्यक्रम पोचवले. छपरावर दहा फुटी तबकडी, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची. सकाळचा दीड तास शाळकरी मुलांचा, चार भाषांत वाटलेला, म्हणजे एकेका भाषेला साडेबावीस मिनिटं. महाराष्ट्र त्यात नव्हता, उत्तर प्रदेशही नव्हता, त्यामुळे आपल्या आठवणीत तो नाही. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे संचालक तेव्हा यश पाल होते. हेच यश पाल पुढे १९९१ पासून 'टर्निंग पॉइंट' कार्यक्रमात प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं देताना दिसले, आणि १९९३ चा दप्तराच्या ओझ्याविषयीचा अहवालही त्यांच्याच समितीचा.

'साइट'मधली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट उपग्रहाची नाही. त्या एका वर्षात त्यांनी सुमारे पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांना प्रशिक्षण दिलं. विचार करा. एवढा महागडा उपग्रह हाताशी असताना शिक्षकावर एवढा खटाटोप कशाला? संच लावला, मुलं बसवली, झालं, असं नाही का म्हणता आलं? नाही म्हणता आलं. साडेबावीस मिनिटांनंतर पडदा काळा होतो आणि मुलं कुणाकडे तरी वळतात, हे त्यांना ठाऊक होतं. ते कुणीतरी तयार असायला हवं होतं.

माझ्या पिढीला हे मिळालं ते बालचित्रवाणीतून. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. इन्सॅट-१बी वर्षभर आधी आकाशात गेला होता आणि त्याच्या जिवावर सहा राज्यांत अशा संस्था उभ्या राहिल्या. उत्तर प्रदेशची लखनौला. नागपुरात आम्ही शेजाऱ्यांकडे बसून बालचित्रवाणी पाहायचो. कळसूत्री बाहुल्या, पानाफुलांचे प्रयोग, बऱ्यापैकी संथ. आजच्या मुलांना ते बघवणार नाही इतकं संथ. पण त्या संथपणात शेजारच्या काकू मध्ये बोलू शकत होत्या. "बघ गं, आपल्या अंगणातली जास्वंद आहे ना, तीच." कार्यक्रम संपला की त्या खरोखरच फूल तोडून आणायच्या. आज वाटतं, बालचित्रवाणीचा निम्मा कार्यक्रम पुण्यात तयार होत होता आणि निम्मा त्या काकू करत होत्या. निधी आटत गेला आणि २०१७ साली शासनाने बालचित्रवाणी बंद केली. मी थोरलीला शाळेतून काढलं ते नेमकं तेच वर्ष.

काशीत तेव्हा काय होतं, हे मी सासूबाईंना विचारलं होतं. त्यांना शैक्षणिक टीव्ही आठवेना, त्यांना महाभारत आठवलं. २ ऑक्टोबर १९८८ पासून दर रविवारी सकाळी आमच्या गल्लीतल्या एकुलत्या रंगीत संचासमोर तीस-चाळीस माणसं. नानांचे वडील मालिका बघता बघता मोठ्याने दुरुस्त्या करायचे. "असं नाही, नीलकंठी टीका काय सांगते..." लोक त्यांना गप्प करायचे आणि भाग संपल्यावर पुन्हा त्यांनाच विचारायचे, नीलकंठ काय सांगतो ते. नीलकंठ चतुर्धरांना तीनशे वर्षांनी मिळालेला हा श्रोतृवर्ग बघायला मिळाला असता तर मी माझी आठवड्याची मिळकत दिली असती.

आता आमचं. थोरली सात वर्षांची असताना रोज सकाळी तिच्या पोटात दुखायचं. रविवारी दुखायचं नाही. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, शेवटी शाळा सोडली आणि दुखणंही सुटलं. कायदा? शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. तो शाळेचा हक्क देतो, पण घरी शिकवणाऱ्या आईबापांचं नाव त्यात नाही. त्या मौनात आमच्यासारखी कुटुंबं राहतात. १९८९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, चौदा पूर्ण झाली की तिथून दहावीला बसता येतं. तोवर काय करायचं ते आपलं आपण.

पहिली दोन वर्षं आम्ही पडदा जपून वापरला. सर्वांत जास्त काय कामी आलं असेल तर अरविंद गुप्तांच्या खेळण्यांचे छोटे छोटे व्हिडिओ. पुण्याच्या 'आयुका'तल्या मुलांच्या विज्ञानकेंद्रात बनलेले, अनेक भाषांत, मराठीतही. त्यातलं काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांचं एक खेळणं आहे. नळीचे तुकडे करायचे, त्यांत काड्या खोचायच्या, त्रिकोण करायचा, चौकोन करायचा. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. व्हिडिओ दोन मिनिटांचा, पण आमच्या घरात तो तीन दिवस चालला, कारण व्हॉल्व्हची नळी शोधत आम्ही सायकलवाल्यांकडे फिरलो. पोरीने त्रिकोण हातात धरून मला विचारलं, "घाटावरच्या होडीच्या छपराला मध्ये तिरपी काठी का असते ते कळलं का?" मला कळलं नव्हतं. 'आयुका' उभारली नारळीकरांनी. बनारसच्या एका घरात फळ्यावर गणितं सोडवणाऱ्या मुलाने पुण्यात संस्था काढली आणि तिथला व्हिडिओ पुन्हा बनारसच्या घरात आला. मी इतिहासाची असल्यामुळे मला असले धागे दिसतात, तुम्ही मनावर घेऊ नका.

२०२० मध्ये जगातली सगळीच घरं शाळा झाली. २० जुलैपासून सह्याद्रीवर 'टिलीमिली' सुरू झालं, पहिली ते आठवीसाठी, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने केलेलं. सह्याद्री आमच्या डिशवर दिसतं. काशीत राहून ही मुलं मराठी फक्त आईबाप-आजीआजोबांशी बोलतात, म्हणजे त्यांच्या मराठीत म्हातारे शब्द फार. 'टिलीमिली'तली पोरं आपल्याच वयाची आणि आपलीच भाषा बोलणारी, हे धाकट्याला इतकं नवलाचं वाटलं की पहिल्या आठवड्यात तो टीव्हीला उत्तरं द्यायचा. भोपळी मिरचीवरून भांडणही झालं. आमच्याकडे ती शिमला. त्या मालिकेत वर्ग नव्हता, फळा नव्हता. मुलं घरात, अंगणात, मोठ्यांबरोबर काहीतरी करताना दिसायची. बनवणाऱ्यांना कळलं होतं की पलीकडे घर आहे आणि घरात कुणीतरी मोठं माणूस असणार.

पण मोठं माणूस असेलच असं नाही, हो. ऑगस्टमध्ये सासूबाई पडल्या. नवऱ्याचं काम बंद, माझी तारांबळ. आणि हळूहळू मी मुलांसमोर पडदा ठेवून उठू लागले. आधी अर्धा तास, मग सकाळ, मग सकाळ-संध्याकाळ. व्हिडिओ उत्तम होते. मुलं शांत होती. ज्वालामुखी, डायनासोर, मुघल, अपूर्णांक. विचारलं तर माहिती धडाधड सांगायची. मला वाटलं छान चाललं आहे. भागाकाराच्या त्या कागदापर्यंत वाटत होतं.

"म्हणवून घेत होतं कोण?" या प्रश्नावर मी त्या रात्री नानांशी भांडले, हेही सांगून टाकते. म्हटलं, तुमच्या गुरुजींना घरात दुसरं काम काय होतं? त्यांचं जेवण कोण करत होतं? नाना बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गुरुपत्नी." दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः नातीसमोर येऊन बसले. वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर.

त्यांना लांब भागाकार शिकवता येत नव्हता. त्यांनी तिला व्हिडिओ लावायला सांगितला, अर्ध्या मिनिटाने हात वर केला, "थांबव. आता तू मला सांग." तिने सांगितलं. "पुन्हा सांग." संथाच ती. एकदा ऐकायचं, दोनदा म्हणायचं. तिसऱ्या दिवशी ७४ मध्ये २३ किती, इथे गाडी अडली, तेव्हा नानांनी पाढा काढला. तेवीस एके तेवीस, तेवीस दुणे सेहेचाळीस, तेवीस त्रिक एकोणसत्तर. तिला तेवीस म्हणजे 'तेईस' एवढंच ठाऊक, एकोणसत्तर ऐकून ती हसतच सुटली. (२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस तीन' असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे कारणं सांगत होत्या आणि कुणी ऐकत नव्हतं. त्या दिवशी आमच्या ओसरीवर मला त्यांची बाजू थोडी अधिक कळली.) शेवटी तिने वर ३२४ लिहिलं, खाली शून्य. मग नानांनी तोच भागाकार उलटा मागितला, ३२४ गुणिले २३. घनपाठ्याची खोड.

हे वाचून तुम्हाला वाटेल की मग सगळं सुरळीत झालं. तसं नाही. शाळेने तिला एक इयत्ता खाली बसायला सांगितलं, ती नको म्हणाली, आणि मैत्रिणींचा प्रश्न तसाच राहिला. तो आजही पुरता सुटलेला नाही. घरची शाळा निवडताना आम्ही तिला विचारलं नव्हतं, हे ती मला अधूनमधून आठवण करून देते आणि ते बरोबर आहे. धाकट्यावर संथेचा उपाय चालला नाही. "सांग" म्हटलं की तो व्हिडिओ बघायचाच बंद करायचा. त्याच्यासाठी आम्ही मोरूमामाचा मार्ग धरला, दारामागे काळा रंग मारून फळा केला. प्रश्न लिहायचा आणि जायचं. काही प्रश्न महिनाभर तसेच राहिले. एक पुसला पावसाने.

पडद्याची बाजूही सांगायला हवी. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ उतरणार होतं. गंगेला पाणी चढलेलं, घाट बुडालेले, म्हणून सगळी गल्ली घराघरांत. आमच्या टीव्हीसमोर शेजारची मुलं धरून चौदा जण. पडद्यावर नुसते आकडे आणि एक रेघ. नाना म्हणाले, यात बघायचं काय? धाकटा, नऊ वर्षांचा, उठला आणि टीव्हीच्या बाजूला जाऊन उभा राहिला. ही उंची, हा वेग, आता इंजिन उलटं ढकलतंय, नाहीतर आपटेल. सहा वाजून चार मिनिटांनी यान उतरलं तेव्हा टाळ्या पडद्यावरच्याही होत्या आणि आमच्याही. त्याला कुणी "सांग" म्हटलं नव्हतं. नानांनी मात्र टाळ्या संपल्यावर विचारलंच, "उलटं ढकलायला हवा कुठली? चंद्रावर हवा नाही म्हणतोस ना?" तो अडला. दुसऱ्या दिवशी तो प्रश्न फळ्यावर होता, नानांच्या अक्षरात. तो सोडवायला त्याने किती व्हिडिओ पाहिले याचा मी हिशेब ठेवला नाही. चौथ्या दिवशी फुगा फुगवून, तोंड न बांधता सोडून दिला आणि आजोबांना म्हणाला, "हवा बाहेरची नाही लागत, आतली बाहेर जाते."

नाना आता ब्याऐंशीचे आहेत. दुपारी बसल्या बसल्या झोपतात. थोरली ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सत्रात मुक्त विद्यालयाच्या दहावीला बसते आहे, गणिताचा पेपर तिला अजूनही भीतीचा वाटतो. संध्याकाळी ती लॅपटॉपवर पाठ लावते, मधेच थांबवते आणि झोपलेल्या आजोबांना मोठ्याने सांगते. ते मान हलवतात. ऐकतात की नाही, आम्हाला ठाऊक नाही. परवा तिने मुद्दाम चुकीचं सूत्र म्हटलं, तर त्यांनी डोळे उघडले. गणित कळलं म्हणून नाही, तिचा आवाज हसरा झाला म्हणून असेल.

खालून हाक आली आहे, केबलवाला आलेला दिसतो. पुढच्या भागात ब्रह्माघाट आणि नाना फडणविसांचा वाडा. तोवर नमस्कार.